अमेरिकेत सोशल सिक्युरिटीची पेन्शन दरवर्षी किती वाढवायची, हे राष्ट्राध्यक्ष ठरवतात का?

नाही, ही वाढ राष्ट्राध्यक्ष ठरवत नाहीत आणि त्यासाठी अमेरिकी संसदेत (काँग्रेसमध्ये) दरवर्षी मतदानही होत नाही. ती महागाईच्या आकड्यावरून आपोआप निघते. १९७२ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे आणि १९७५ पासून ती चालू आहे. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा ग्राहक किंमत निर्देशांक (सीपीआय-डब्ल्यू) मागच्या वाढीच्या वेळच्या तिमाहीशी ताडून पाहतात. जितके टक्के तो वर गेला, तितकी वाढ ऑक्टोबरात जाहीर होते आणि जानेवारीत हातात पडते. म्हणून २०२३ ला ८.७ टक्के मिळाले, २०२५ ला जेमतेम २.५. निर्देशांक घसरला तरी पेन्शन कापत नाहीत, पण तो पूर्वीची पातळी ओलांडेपर्यंत वाढही नाही. २०११ ला पेन्शनर कोरडे राहिले ते यामुळेच: किमती पुन्हा चढू लागल्या होत्या, तरी निर्देशांक २००८ च्या खालीच होता. तेव्हा अमुक पक्षाने पेन्शन वाढवली, हा प्रचार फार मनावर घेऊ नका. मात्र मेडिकेअर पार्ट बीचा, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातल्या डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा हप्ता बहुतेकांच्या पेन्शनमधूनच वळता होतो. तो वाढला की जाहीर झालेली वाढ खात्यात पूर्ण दिसत नाही.