बारावीच्या घरात कोणतं पुस्तक?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला ९६ टक्के होते. कॉलेज दादरचं, पण नावापुरतं. कॉलेजचं क्लासशी टाय-अप असल्याने सगळा दिवस क्लासमध्येच जातो. जेईई आणि सीईटी दोन्ही देणार आहे. हल्ली मॉक टेस्टमध्ये चार मार्क कमी पडले तरी रात्री जेवत नाही. तिला वाचायला एखादं प्रेरणादायी पुस्तक सुचवाल का?
– एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, प्रेरणा तिच्याकडे हवी त्याहून जास्तच आहे. टॉपरांच्या यशोगाथा तर घरात आणूच नका. पहाटे चारला उठणाऱ्या मुलाची गोष्ट वाचून ती साडेतीनचा गजर लावेल.

मी सुचवतेय ते तुमच्यासाठी. रागावू नका. अलेक्झांड्रा रॉबिन्स यांचं ‘द ओव्हरअचीव्हर्स’ (२००६). बाई स्वतः शिकल्या त्याच अमेरिकेतल्या मेरीलँडच्या वॉल्ट व्हिटमन हायस्कूलमध्ये परत गेल्या आणि तिथल्या हुशार मुलामुलींचा दिनक्रम जवळून पाहून लिहिला. लोक या मुलांना काय समजतात आणि आत काय चाललेलं असतं, यातलं अंतर पानोपानी दिसतं. त्यांतला फ्रँक हार्वर्डला पोचलाय, पण अभ्यासापायी आईनं केलेला जाच वाचताना पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. मिटू नका, तो भाग तर नक्की वाचा. कॉलेज प्रवेशाच्या अर्जासोबतचे निबंध, शिफारसपत्रं वगैरे तिकडची भानगड आहे, ती पानं भराभर उलटा. आपल्याकडे निबंध कोण विचारतो? पर्सेंटाइल बोला.

फ्रँक ब्रुनी यांचं ‘व्हेअर यू गो इज नॉट हू यू विल बी’ (२०१५) हेही बरं आहे. नामांकित कॉलेज म्हणजेच आयुष्य नव्हे, हे शीर्षकातच सांगून टाकलंय. पुढे उदाहरणांची रास आहे, निम्मं वाचलंत तरी पुरे. मात्र सरकारी कॉलेज हुकलं की खासगीची फी भरताना मुंबईतल्या नोकरदार घराचं काय होतं, त्याचं उत्तर ब्रुनींकडे मिळणार नाही. तो हिशेब तुम्ही दोघं आधीच मांडा आणि मुलीलाही दाखवा. आकडा माहीत नसला की मुलं मनानं भलताच धरून बसतात.

तिनं आपणहून मागितलं तरच मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी द्या. आणीबाणीच्या काळातली नववीची मुलं आहेत, आणि त्यांना अभ्यासापलीकडेही बरीच कामं आहेत! इंग्रजी पुस्तकं माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे विचारून पाहा, निम्म्या किमतीत मिळून जातील.

जेवण टाकण्याचं मात्र पुस्तकावर सोपवू नका. या आठवड्यातच समुपदेशकाला भेटा. भेटीची वेळ मिळत नसेल तर मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर फोन करा. आधी तुम्ही बोला, मग तिला विचारा.