गराडूवाल्या मावशी आणि ‘बर्नआउट’

रामबाग, इंदूर

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

इथल्या सराफा बाजारावरचा तुझा इंग्रजी लेख वाचला. दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर त्यांच्यापुढे खाण्याची दुकानं थाटतात, तिथल्या गराडू म्हणजे कंदाचे काप तळणाऱ्या मावशी तू फार छान टिपल्या आहेस. हातात झारा, कपाळावरचा घाम कोपराने पुसणं, अंगाचा भार कधी या पायावर, कधी त्या. पण पुढच्याच वाक्यात मावशींना ‘बर्नआउट’ झालाय म्हणतोस. तो शब्द तिथून काढ.

बर्नआउट म्हणजे नुसतं दमणं नव्हे. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी लिहिताना तो वापरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या नेमकी केली: कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने अंगातलं त्राण जातं, कामावरून मन उडतं किंवा कडवट होतं आणि हातून काम नीट होईनासं होतं. संघटना त्याला आजार म्हणत नाही, आणि कामाबाहेरच्या थकव्याला हा शब्द लावू नये असंही सांगते. तुझ्या मावशी तर जिरावन मसाला भुरभुरून गिऱ्हाइकाला विचारतायत, “लिंबू आणखी पिळू?” मन उडालेलं माणूस असं विचारेल का?

त्यांच्यासाठी इंग्रजीत ‘डेड ऑन हर फीट’ हा वाक्प्रचार आहे. थकून अर्धमेलं झालेलं, तरी उभं असलेलं माणूस. म्हणून अंथरुणावर पडलेल्याला तो शोभत नाही. ‘हर’च्या जागी माणसाप्रमाणे माय, हिज, देअर येईल; ‘फीट’ मात्र फीटच राहील. आधी ‘व्हेरी’ लावू नकोस, थकव्याची कमाल त्यात आलेलीच आहे. ‘रन ऑफ हर फीट’ वेगळं, त्यात कामाची धांदल आहे. आणि हा वाक्प्रचार बोलण्यातला. रजेच्या अर्जात साधं ‘एक्झॉस्टेड’ लिहावं.

आता सुपर कॉरिडॉरवर, त्या आयटी कंपन्यांच्या रस्त्यावर, नोकरी करणारा तुझा मित्र. पूर्वी हौसेने कोड लिहायचा, आता लॅपटॉप उघडतानाच चिडतो, सोप्या कामात अडखळतो, सुट्टी घेऊनही तसाच परततो. बर्नआउट हा शब्द इथे बसतो, आणि इथेच तू ‘टायर्ड’ लिहून मोकळा झालास! वाचताना जीव हळहळला, कारण निरीक्षण सगळं तुझ्याकडे होतं. नाम असेल तेव्हा ‘बर्नआउट’ जोडून लिही, क्रियापद असेल तेव्हा ‘बर्न आउट’ तोडून.

लेख छापायला देण्याआधी एकदा सराफ्यात जाऊन मावशींना त्यांच्यावरचा भाग मराठीत सांग. थकवा त्यांचा आहे, तो तसाच आहे का ते त्यांनाच विचार. मग लेखाचा खर्डा माझ्याकडे धाड.

तुझा,
काका