नवख्या तंत्रज्ञाने संघटनेचे सदस्यत्व घ्यावे का?

आपण विचारले आहे की, न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये (किरणोत्सारी औषधे वापरून तपासणी व उपचार करणाऱ्या शाखेत) नुकत्याच रुजू झालेल्या तंत्रज्ञाने व्यावसायिक संघटनेचे सदस्य व्हावे का, आणि संघटनेने कोणता प्रश्न आधी हाती घ्यावा. सदस्य जरूर व्हावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला कसारा घाटापासून सुरू करावे लागेल.

मी खान्देशातील एका पेट-सीटी केंद्रात (कर्करोगासारख्या आजारांच्या स्कॅनसाठीच्या) काम करतो. स्कॅनआधी रुग्णाला टोचायचे एफडीजी हे किरणोत्सारी औषध मुंबईहून कसारा घाटाच्या रस्त्याने येते, आणि त्यातल्या फ्लोरिन-18 चे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ) 110 मिनिटांचेच असल्यामुळे वाटेतली घट धरूनच मागणी नोंदवावी लागते. तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात गाडी घाटातल्या कोंडीत पावणेचार तास अडकली. एवढ्या वेळात दोन अर्धायुष्ये उलटली आणि चौघांसाठी मागवलेल्यातून जेमतेम एकाच्या स्कॅनपुरते उरले. चौघेही रात्रीपासून उपाशी होते. ज्या एका रुग्णाची केमोथेरपी अहवालावाचून अडली होती त्याला आम्ही घेतले, आणि बाकी तिघांना परत पाठवले; त्यांत पारोळ्याकडच्या एक मधुमेही आजी होत्या. "औषध वाटमाच सरी गये का, भाऊ?" (वाटेतच संपून गेले का?) असे आजींनी विचारले, आणि ते शब्दशः खरे होते. देयक मात्र पूर्ण चार मात्रांचे आले.

त्या वर्षीच्या सभेत मी मागणी केली की, एकाच रस्त्यावरच्या केंद्रांचे वेळापत्रक संघटनेने पुरवठादारांशी बोलून एकत्र ठरवावे आणि वाटेत वाया गेलेल्या मात्रेचा भार वाटून घ्यावा. पुढच्या परिषदेचे ठिकाण ठरवण्यात तासभर घालवलेल्या त्या सभेत एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला सांगितले की, केंद्राची जागाच विचारपूर्वक निवडायला हवी होती. मग आजींनीही गाव विचारपूर्वक निवडायला हवे होते, असे मी म्हणालो. लोक हसले आणि विषय संपला.

म्हणून माझ्या मते फेलोशिप, मानचिन्हे आणि परिषदा हे सारे पुरवठ्यानंतर. अर्थात हे पेटपुरतेच लागू आहे, कारण गॅमा कॅमेऱ्याच्या स्कॅनसाठी लागणारे टेक्नेशियम केंद्रातच जनरेटर नावाच्या उपकरणातून काढतात, आणि त्या जनरेटरमधील मॉलिब्डेनम-99 चे अर्धायुष्य 66 तासांचे असल्याने तो असे प्रवास सहज सोसतो. आपल्याकडे केवळ गॅमा कॅमेरा असेल, तर माझी तक्रार आपल्याला अतिरेकी वाटेल. शुल्क भरण्याआधी तंत्रज्ञांच्या वर्गाला मताधिकार आहे का, तेवढे पाहून घ्या. अर्जात प्राधान्याच्या विषयांचा रकाना असेल, तर तेथे पुरवठा असे लिहा, आणि तो अर्ज त्या ज्येष्ठांच्या हाती पडला तर बरेच.