यादीत ज्यांचं नाव नाही, त्यांच्यापासून सुरुवात कर

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या लेखमालेचा आराखडा वाचला. साठच्या दशकाच्या सुरुवातीची अमेरिकन हिट गाणी हा विषय तू निवडलास, याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणूनच सरळ लिहितो. 1960 ते 1963 या काळातली पहिल्या क्रमांकाची सगळी गाणी वर्षवार मांडायची आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहायच्या, हा बेत मला पटला नाही. तशी जंत्री कुठेही मिळते. तुझ्याकडून वाचकाला दुसरं काहीतरी मिळायला हवं.

त्याआधी प्रस्तावनेतलं एक वाक्य काढून टाक. एल्व्हिस लष्करात गेला, रॉक-अँड-रोल गायक बडी हॉली विमान अपघातात गेला आणि मग बीटल्स येईपर्यंत अमेरिकेत नवं काही घडलं नाही, असं तू लिहिलं आहेस. हे तुझं मत नव्हे, पुष्कळ ठिकाणी छापून आलेलं मत आहे, आणि ते चूक आहे. बीटल्सचे 1963 मधले पहिले दोन अल्बम काढून बघ. ‘बॉइज’ आणि ‘बेबी इट्स यू’ ही शिरेल्स या कृष्णवर्णीय मुलींच्या गटाची गाणी, ‘चेन्स’ हे कुकीज गटाचं, ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ हे डेट्रॉइटच्या मार्व्हलेट्सचं. ज्या वर्षांना आपण ओसाड म्हणतो, त्याच वर्षांतली गाणी ती चार मुलं लिव्हरपूलमध्ये बसून घोटत होती.

आता यादीविषयी. ‘बिलबोर्ड’ या संगीत साप्ताहिकाची ‘हॉट हंड्रेड’ ही लोकप्रिय गाण्यांची यादी 4 ऑगस्ट 1958 रोजी सुरू झाली. त्याआधी दुकानांतली विक्री, रेडिओ आणि ज्यूकबॉक्स यांच्या याद्या वेगवेगळ्या निघत. नव्या यादीत विक्री आणि रेडिओवरचं वादन यांची सांगड घातली गेली. पण हे आकडे यायचे कुठून? दुकानदार आणि रेडिओ केंद्रं जे कळवतील त्यावरून. विक्रीची यंत्रावरची मोजणी थेट 1991 मध्ये आली. आपल्याकडे बिनाका गीतमालेत एखादं गाणं एक पायरी चढलं की घरोघरी चर्चा व्हायची, तसाच या यादीचा दरारा होता. शिवाय पैसे घेऊन गाणी वाजवण्याचं प्रकरण 1959-60 मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशीपर्यंत पोचलं होतं आणि ॲलन फ्रीडसारख्या बड्या निवेदकाची कारकीर्द त्यात संपली. तेव्हा क्रमांक सांग, पण त्याला देववाणी मानू नकोस.

माझा सल्ला असा: चार वर्षं सोड, दोन महिने घे. 11 डिसेंबर 1961 पासून फेब्रुवारी 1962 च्या मध्यापर्यंत. या अवधीत पहिल्या क्रमांकावर फक्त चार गाणी येऊन गेली. त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचार: यात कोणाचं नाव यादीत आलं नाही?

पहिलं ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’. बेरी गॉर्डीनं 1959 मध्ये घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटला तबकड्यांची कंपनी काढली होती, तीच पुढे मोटाउन म्हणून गाजली. मोटाउनचं ‘हॉट हंड्रेड’मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेलं हे पहिलं गाणं. गाणाऱ्या मुली डेट्रॉइटजवळच्या इंक्स्टर गावच्या, शाळकरी वयाच्या. स्वतःचं गाणं घेऊन या, असं कंपनीनं सांगितल्यावर त्यांच्यातल्या जॉर्जिया डॉबिन्सनं विल्यम गॅरेट या ओळखीच्या पियानोवादकाकडून एक गाणं मिळवलं, त्याचं शीर्षक ठेवलं आणि शब्द नव्यानं लिहिले. ध्वनिमुद्रणाच्या आधी घरच्या कारणानं तिला गट सोडावा लागला आणि गाणं ग्लॅडिस हॉर्टननं गायलं. गाण्यावर शेवटचा हात फिरवणाऱ्यांत फ्रेडी गॉर्मन होता. तो खरोखरच टपाल वाटायचा! ड्रमवर मार्विन गे होता, ज्याला तेव्हा गायक म्हणून फारसं कोणी ओळखत नव्हतं. हे सगळं कळल्यावर गाणं पुन्हा ऐक. पत्राची वाट बघणाऱ्या त्या मुलीच्या आवाजातला हट्ट वेगळा ऐकू येतो की नाही, ते मला कळव.

दुसरं ‘द लायन स्लीप्स टुनाइट’. इथे मात्र थांब, घाई करू नकोस. टोकन्स हा ब्रुकलिनच्या तरुणांचा गट. हे गाणं त्यांच्या तबकडीच्या मागच्या बाजूला होतं, पुढच्या बाजूचं ‘टीना’ आज कोणाला आठवतही नाही. पण मूळ चाल 1939 ची, जोहान्सबर्गच्या गॅलो स्टुडिओतली. सॉलोमन लिंडा हा झुलू गायक आपल्या इव्हनिंग बर्ड्स गटाबरोबर ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, हे गाणं गात होता. ध्वनिमुद्रणाच्या शेवटाकडे त्यानं वरच्या पट्टीत उत्स्फूर्तपणे काही सूर घेतले. तेच सूर पुढे जगभर गाजले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला लोकगायक पीट सीगरच्या वीव्हर्स गटानं ते अमेरिकेत आणलं. झुलू शब्द नीट न ऐकू आल्यानं त्याचं ‘विमोवे’ झालं. मग इतरांनी त्यावर इंग्रजी शब्द बसवले. लिंडानं हक्क दहा शिलिंगांना दिले होते आणि तो गॅलोच्याच गोदामात काम करत असे. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं त्याच्या पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, तो गरिबीत वारला. त्याच्या मुलींना 2006 मध्ये तडजोडीतून काही हक्क मिळाले. मला या गोष्टीचा आजही राग येतो. तुलाही आला तर तो लेखात येऊ दे, मात्र आधी ‘म्बुबे’ची मूळ ध्वनिमुद्रिका शेवटपर्यंत ऐक. लिंडाला नुसता अन्यायाचा बळी म्हणून उभा करू नकोस. तो मोठा कलावंत होता, आणि ते ऐकूनच कळतं.

तिसरं चबी चेकरचं ‘द ट्विस्ट’. हे सप्टेंबर 1960 मध्ये एकदा पहिलं आलं होतं आणि जानेवारी 1962 मध्ये पुन्हा आलं. असा दुहेरी मान पुढे कित्येक दशकं दुसऱ्या गाण्याला मिळाला नाही. पहिल्या वेळी मुलांनी ते उचललं, दुसऱ्या वेळी न्यूयॉर्कच्या पेपरमिंट लाउंजमध्ये नाचणाऱ्या मोठ्या माणसांनी. चौथं गाणं, जोई डीचं ‘पेपरमिंट ट्विस्ट’, त्याच क्लबावर बेतलेलं, त्याला दोन ओळी पुरेत. चेकरच्या आधी ‘द ट्विस्ट’ हँक बॅलार्डनं लिहून गायलं होतं, पण फिलाडेल्फियातून देशभर दिसणारा डिक क्लार्कचा टीव्ही कार्यक्रम चेकरच्या पाठीशी उभा राहिला. इथे वाचकाला एक व्यवहार समजावून सांग: अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार-संगीतकाराला मिळतं, गायकाला नाही. म्हणून तबकडीच्या कागदी चकतीवर गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरात कोणाचं नाव आहे, याला इतकी किंमत. बॅलार्डचं नाव तिथे राहिलं, लिंडाचं राहिलं नाही. हीच लाट पुढे मुंबईलाही पोचली. ‘भूत बंगला’तल्या 1965 च्या ‘आओ ट्विस्ट करें’मागे चेकरचं ‘लेट्स ट्विस्ट अगेन’ आहे.

या दोन महिन्यांबाहेर जायचा मोह झालाच, तर एका उदाहरणासाठी जा. नोव्हेंबर 1962 मध्ये पहिलं आलेलं ‘ही इज अ रेबेल’. तबकडीवर नाव क्रिस्टल्सचं. पण तो गट होता न्यूयॉर्कला, आणि निर्माता फिल स्पेक्टरला लॉस एंजेलिसमध्ये, दुसऱ्या कंपनीच्या आधी, घाईघाईनं गाणं बाहेर काढायचं होतं. म्हणून ते गायलं डार्लीन लव्ह आणि ब्लॉसम्स या दुसऱ्याच गटानं. क्रिस्टल्सना आपलं ‘नवं’ गाणं रेडिओवरून कळलं, आणि ज्यात त्यांचा आवाजच नव्हता ते गाणं मग त्यांनाच मंचावर गावं लागलं. कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन ही गाणी लिहिणारी जोडी, जपानी गायक क्यू साकामोटोचं ‘सुकियाकी’, तेरा वर्षांचा स्टीव्ही वंडर, हे सगळे मोठे विषय आहेत. एकेका ओळीत उरकून त्यांची वाट लावू नकोस. ते पुढच्या मालेसाठी ठेव.

आणखी एक गोष्ट तपासायला सांगतो. 30 नोव्हेंबर 1963 पासून ‘बिलबोर्ड’नं आपली ‘रिदम अँड ब्लूज’ ही वेगळी यादी छापणं थांबवलं, ती परत आली जानेवारी 1965 मध्ये. कृष्णवर्णीय श्रोत्यांची यादी आणि सर्वसाधारण यादी यांत तेव्हा इतकी तीच ती गाणी येऊ लागली होती. त्याच काळात अलाबामात कृष्णवर्णीय मुलांना अडवायला शाळांच्या दारात पोलीस उभे होते. तरुणांच्या खोलीतल्या रेडिओनं जे आधीच मान्य केलं होतं, ते कायद्याला मान्य करायला जुलै 1964, म्हणजे नागरी हक्क कायदा, उजाडावा लागला. मात्र गाण्यांनी भेदभाव संपवला, असं लिहू नकोस. तेच गायक दक्षिणेत कार्यक्रमांना गेले की त्यांना हॉटेलात खोली मिळत नसे. दोन्ही खरं आहे, दोन्ही शेजारी शेजारी लिही.

पहिला भाग जॉर्जिया डॉबिन्सपासून सुरू कर, मार्व्हलेट्सपासून नको. हजार शब्दांत बसव आणि छापायला देण्याआधी मला पाठव.

तुझा,
काका