आयर्लंडच्या संगीत सहलीला पहिल्यांदाच जाताय?

सहलीचं वेळापत्रक हातात आलं की आधी रात्री किती मोकळ्या ठेवल्यात ते बघा. क्लेअर परगण्यातल्या डूलिन, एनिस, मिलटाउन मॅलबे या गावांचं खरं संगीत पबमधल्या सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकीत, ऐकायला मिळतं आणि ते बहुधा नऊ-साडेनऊनंतर रंगतं. दिवसभर बसमधून फिरवून आठला जेवण उरकायला लावणारी सहल घेऊच नका. मोहेरचे समुद्रकाठचे उंच कडे एका दुपारी बघून होतात. सेशनला निदान तीन-चार रात्री द्या.

सेशन म्हणजे मैफल नव्हे. वादक टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात. त्यांच्यातली खुर्ची रिकामी दिसली तरी बसू नका. इलियन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) वाजवणाऱ्याच्या जवळपास जागा मिळाली तर त्याचा उजवा कोपर बघत राहा. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्याने हवा भरतात. एक धून दोन-तीनदा वाजते आणि न थांबता दुसरीत शिरते. तो सांधा कानाने पकडता आला की मजा दुप्पट होते. जिग ही नाचाची धून सहाच्या चालीत असते, दादरा ऐकलेल्या कानाला ती लवकर सापडते. टाळ्यांचा ठेका मात्र धरू नका. कोणी साथीशिवाय शॉन-नोस, म्हणजे जुन्या आयरिश ढंगाचं गाणं, गायला लागलं तर बोलणं पूर्ण थांबवा.

जुलैत मिलटाउन मॅलबेला पाइप्सवादक विली क्लॅन्सीच्या नावाची पारंपरिक संगीताची उन्हाळी शाळा भरते, १९७३ पासून. तेव्हा जायचं तर खोली कित्येक महिने आधी धरा. आणि हो, शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, वेगळा काढावा लागतो.