विचारा तर खरं : पेठ सुटली, आता माणसं कुठनं आणू?

या वेळी तीन पत्रं घेतलीत, त्यातल्या पहिल्यानंच बरीचशी जागा खाल्ली, बाकी दोघींनी सांभाळून घ्या.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला, वय २३. हिंजवडीत आयटीत आहे. घरी असताना रोज संध्याकाळी तालमीच्या दारात बसणं, फुटबॉलच्या सीझनला शाहू स्टेडियम, गणपतीत वर्गणी, सगळं होतं. २०१९ च्या पुरात अकरावीला होतो तरी चिखली-आंबेवाडीच्या लोकांसाठी घरोघरी भाकरी गोळा करत फिरलोय. इथं फ्लॅटवर चौघं आहोत, पण चौघांच्या कानात हेडफोन. भांडण नाही आणि दोस्तीपण नाही. आईनं मामाला सांगून मला पुण्यातल्या आमच्या जातीच्या युवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲड करायला लावलंय, तिथं सारखं आपला समाज आपली माणसं चालू असतं, रविवारी मेळावे. जावंसं वाटत नाही, पण मग दुसरं करू काय? आणि मला नक्की मिस काय होतंय, मित्र की कोल्हापूर?

उत्तर : भावा, दोन्ही नाही असं मला तरी वाटतंय. मित्र फोनवर आहेतच आणि कोल्हापूरची गाडी स्वारगेटवरनं कधीपण मिळते. तुला मिस होतंय ते हक्कानं काम सांगणारं माणूस. "ए, जरा बांबू धर" म्हणून तालमीत कुणीतरी ओरडायचं आणि तुला वेळ आहे का, तुझा मूड कसा आहे, हे कुणी विचारायचं नाही, तू धरायचास, संपलं. दोन दिवस दिसला नाहीस तर कोणतरी घरी येऊन आईला विचारून जायचं. हिंजवडीत तू चार दिवस गायब झालास तर स्वैपाकाच्या मावशी चपात्या कमी करतील, बाकी फरक शून्य.

आता तालमीचं बघ, तू त्यात जन्मलास म्हणून तुला ते फुकट मिळाल्यासारखं वाटतंय. मुळात तांबड्या मातीतली कुस्तीची जागा, शाहू महाराजांनी कुस्तीला जीव लावला, १९१२ ला खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि मग पुढं त्याच पेठांतल्या तालमींची नावं फुटबॉलच्या टीमला लागली. तुमच्या पेठेत पाटाकडील, बालगोपाल, पलीकडं शिवाजी पेठेत खंडोबा. बाहेरच्याला कळतच नाही तालमीची फुटबॉल टीम कशी काय असते, आणि कोल्हापूरकराला त्यात विचित्र काय तेच कळत नाही. पण त्या दारात तुला बसायला जी जागा मिळाली ती तुझ्या आधीच्या दोन पिढ्यांनी वर्गणी काढून, मांडव घालून, भांडणं मिटवून करून ठेवलेली होती. हिंजवडीत तुझ्या आधी कुणीच काही करून ठेवलेलं नाही. बिल्डिंगी तुझ्याच वयाच्या.

आणि एक कडू सांगू? तालीम म्हणजे सगळं गोडच होतं असं आता लांबून वाटणार. मॅचनंतरच्या मारामाऱ्या, निवडणुकीत गठ्ठ्यानं मतं मोजायला येणारे पुढारी, हे तू पण बघितलंयस. बहीण असेल तर तिला एकदा विचार, तालमीच्या दारात ती कधी बसली होती का. तिच्यासाठी ती पेठ म्हणजे संध्याकाळी मान खाली घालून पटकन पार करायचा रस्ता असू शकतो.

जातीच्या ग्रुपचं. एकदा जाऊन ये, मामाचा मान राहील. खोली मिळणं, रक्त लागलं तर धावणं, नोकरीत चिकटवणं, असली कामं या ग्रुपांमधनं होतात हे नाकारण्यात अर्थ नाही. तुझ्याच गावात १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मुलांसाठी १९०८ ला मिस क्लार्क, अशी जातवार आणि धर्मवार बोर्डिंगं शाहू महाराजांच्या पाठबळावर उभी राहिली, कारण खेड्यातनं आलेल्या पोराला शहरात छप्पर आणि दोन वेळचं जेवण कोण देणार हा रोकडा प्रश्न होता. पण त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमधे राहिलेल्या भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ ला वसतिगृह काढलं ते सगळ्या जातीच्या पोरांचं एकत्र, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथं पोरं एकत्र राबायची, एकत्र जेवायची, आणि पैसा संपला तेव्हा भाऊरावांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. शंभर वर्षांपूर्वी हे जमलेलं आहे, त्यामुळं आपल्याच जातीत आपली माणसं सापडतात असं कुणी सांगितलं तर मान डोलवायची गरज नाही. तुझ्या रविवारच्या मेळाव्यात काम काय होतं ते बघ. नुसते सत्कार, शाली आणि लग्नाचे बायोडेटा असतील, आणि दुसऱ्यांबद्दल कुजबुज असेल, तर दुपारचं जेवण करून परत ये.

मग करायचं काय? ट्रेकला जायचं तर दर रविवारी नवीन पन्नास जण घेऊन जाणारे ग्रुप सोड, फोटो मिळतील, माणसं नाही. गडसंवर्धनवाले बघ, तीच दहाबारा टाळकी दर महिन्याला त्याच गडावर टाक्यातला गाळ उपसत असतात. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र बघ, पोटापाण्याचं सांभाळून रात्री-अपरात्री दरीत अडकलेल्यांना काढायला जातात, तिथं कुणी कुणाला तू कुठला रे विचारत बसत नसणार. हे लगेच जमेल असं नाही, कदाचित पावसाळा जाईल. तोवर सोपं म्हणजे तू कोल्हापूरचा आहेस आणि हिंजवडीत फुटबॉल खेळायला भाड्यानं मिळणारी टर्फ आहेत, मंगळवार म्हणजे मंगळवार, तू बुकिंग कर आणि पैसे गोळा कर. पैसे गोळा करणाऱ्याला सगळे शिव्या देतात पण तो आला नाही की पहिला फोन त्यालाच जातो. आणि फ्लॅटवर आठवड्यातनं एकदा मावशींना सुट्टी देऊन तांबडा रस्सा कर, कांदा चिरायला बसवलं की हेडफोन निघतातच.

प्रश्न : मी जत तालुक्यातली, पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतेय. अभ्यासिकेतल्या मुलीबरोबर एका ढोल पथकात नाव घालायचंय. घरी कळलं तर वडील म्हणतील वाजवायला पाठवलंय का. वर्षभर मी फक्त खुर्ची, मेस आणि खोली एवढंच बघतेय.

उत्तर : तुझी मेन्स कधी आहे ते तू लिहिलं नाहीस आणि सगळं त्यावरच आहे. गणपतीच्या आसपास पेपर असेल तर यंदा नको, पुढच्या वर्षीपण गणपती आहेत. नसेल तर जा. गणपतीआधी दोनेक महिने रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव, सुरुवातीला टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, हातात टिकत नाही, थापीनं तळवा सुजतो, ढोलाची दोरी कमरेत काचते आणि कानात बोळे घालायला विसरलीस तर रात्री पुस्तक उघडल्यावर पण ताशाच ऐकू येईल. मुली आता पथकांत भरपूर असतात. विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्या वर जाते, पथकाचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही, तेव्हा परत यायला सोबत आणि रूमची किल्ली याचं आधी ठरवून ठेव.

वडलांना मात्र दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस, तुझ्याच तोंडून सांग. आणि खरं सांगायचं तर माझं मत पथकापेक्षा त्या मुलीला जास्त आहे. वर्षभर शेजारच्या खुर्चीवर बसून तुम्ही एकमेकींचं नाव तरी विचारलंत, अभ्यासिकेत तेवढंपण होत नाही बऱ्याच जणांचं. पथक जमलं नाही तरी तिच्याबरोबर रोजचा चहा सोडू नकोस, रिझल्टच्या दिवशी तर अजिबातच नाही, मग लिस्टमधे नाव तिचं असो की तुझं.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा, डोंबिवलीत राहतो आम्ही. सोसायटीत कुणाशी बोलत नाही, रात्री मोबाइलवर बीजीएमआय हा ऑनलाइन गेम खेळतो आणि म्हणतो हीच माझी माणसं. ही कसली माणसं?

उत्तर : ताई, असतील पण! २०२२ च्या जुलैत सरकारनं तो गेम बंद केला आणि २०२३ च्या मे महिन्यात तो परत आला, त्या मधल्या काळात त्याचा स्क्वाड, म्हणजे गेममधली टोळी, एकमेकांशी बोलत होता का ते त्याला सहज विचारा. बोलत असतील तर ती माणसंच आहेत, गेम हे निमित्त. पण झोप, बारावीचं वर्ष आणि पैसे, या तीन बाबतीत घरचा नियम ठेवा, आणि कुणी भेटायला बोलवलं तर पहिल्या वेळी तुमच्यापैकी कोणीतरी बरोबर जायचं, किंवा त्यांनाच घरी बोलवा. पोहे करा जास्तीचे, या वयाची पोरं खातात भयंकर.