परीक्षेचे नियम नि अभ्यासक्रम नेमके कोण ठरवतं? विद्यापरिषद म्हणजे काय?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला: तुम्ही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, सत्र सुरू झाल्यावर अंतर्गत गुणांचा नियम बदलल्याचं परिपत्रक आलं, आणि प्राचार्यांनी 'विद्यापरिषदेत ठरलंय, आमच्या हातात काही नाही' एवढं सांगून विषय संपवला. ही विद्यापरिषद म्हणजे कोण आणि तिच्यापर्यंत आपलं म्हणणं पोचतं का, हे तुम्हाला हवं आहे.

मी एका संलग्न महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि एक मुदत अभ्यास मंडळावर होतो. प्राचार्य म्हणाले ते अर्धं खरं आहे. शेवटचा शिक्का विद्यापरिषदेचाच असतो. पण विषय तिथे पोचतो तेव्हा बहुतेक वेळा ठरून गेलेला असतो. ठरतो तो खालीच, अभ्यास मंडळात किंवा एखाद्या समितीत. नाहीतर थेट वरून, शासन निर्णयाच्या रूपाने येतो.

आधी एक घोळ दूर करतो. वर्तमानपत्रांत गाजतात त्या सिनेटच्या, म्हणजे अधिसभेच्या निवडणुका. अधिसभा अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल, परिनियम बघते. तुमचा पेपर किती गुणांचा हे ती ठरवत नाही. (आयआयटीत मात्र सिनेट म्हणतात ती शैक्षणिक निर्णय घेणारीच सभा, त्यामुळे तिकडे शिकणाऱ्या मित्राशी बोलताना दोघंही वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत राहाल.) आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ लागू आहे, १ मार्च २०१७ पासून. त्यात अध्यापन, संशोधन आणि मूल्यमापन यांच्या दर्जाची जबाबदारी विद्यापरिषदेकडे दिलेली आहे. कुलगुरू अध्यक्ष, कुलसचिव सचिव. शिवाय प्र-कुलगुरू, अधिष्ठाते (विद्याशाखांचे प्रमुख, म्हणजे डीन), काही प्राचार्य, निवडून आलेले शिक्षक, कुलपतींनी नेमलेले तज्ज्ञ. पैशाची आणि कारभाराची सूत्रं व्यवस्थापन परिषदेकडे.

आता विषय प्रवास कसा करतो ते बघा. समजा, दुसऱ्या वर्षाच्या अर्थशास्त्राच्या पेपरात एक घटक बदलायचा आहे. सुरुवात अभ्यास मंडळात होते. एका विषयाचे दहाबारा शिक्षक, काही निवडून आलेले विभागप्रमुख, काही कुलगुरूंनी नामनिर्देशित केलेले. इथे खरी चर्चा होते. कोणता घटक काढायचा, कोणतं पुस्तक लावायचं, तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात ते पुस्तक मिळेल का, शिकवणारा माणूस आहे का. अभ्यासक्रमात संगणकावरचं काम घालायला निघालो तेव्हा आमच्याकडे सगळा वाद अशाच एका व्यावहारिक प्रश्नावर अडला होता. अर्थशास्त्रीय मुद्द्यावर कुणाचं दुमत नव्हतं. लॅब कुठून आणायची, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

मंडळाचा ठराव विद्याशाखेकडे जातो. आजच्या कायद्यात विद्याशाखा चारच आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. तिथून विद्यापरिषद. विद्यापरिषदेची विषयपत्रिका म्हणजे बाडच असतं. डझनावारी अभ्यासक्रम, नव्या महाविद्यालयांच्या संलग्नता, समित्यांचे अहवाल. अध्यक्ष विषय क्रमांक वाचतात, 'मंजूर' म्हणतात, पान उलटतं. याचा राग येणं स्वाभाविक आहे, पण मला त्यात गैर वाटत नाही. रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम समोर आला की इतिहासाच्या प्राध्यापकाने त्यावर काय बोलायचं? ती सभा तपशील तपासायला नसतेच. तिने बघायचं असतं ते वेगळं: हा बदल बाकीच्या नियमांशी जुळतो का, जुन्या अभ्यासक्रमात नापास झालेल्यांचं काय होणार, समकक्षता कशी लावायची, म्हणजे जुना कोणता पेपर नव्या कोणत्या पेपराच्या बरोबरीचा धरायचा. माझी तक्रार असलीच तर ही, की नेमकं हे बघायला वेळ उरत नाही. शिवाय 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' असतात. ज्यांना कागद आधी मिळायला हवा होता त्यांना तो टेबलावर मिळतो, आणि वादग्रस्त गोष्टी बऱ्याचदा याच दाराने आत येतात.

कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते आणि तिची चर्चा कुणी करत नाही. शैक्षणिक बाबींवरच्या अध्यादेशाचा (सरकारचा नव्हे, विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमांचा) मसुदा विद्यापरिषदेकडून यावा लागतो. तो व्यवस्थापन परिषदेला नामंजूर करता येतो, सूचना जोडून फेरविचारासाठी परत पाठवता येतो. पण स्वतःच त्यात काटछाट करून मंजूर करता येत नाही. म्हणजे ज्यांच्या हातात तिजोरी आहे त्यांनी परीक्षेच्या नियमातलं वाक्य परस्पर बदलू नये, एवढी भिंत कायद्याने बांधली आहे.

भिंतीला खिडकीही आहे. कलम १२(७). तातडीची परिस्थिती आहे असं कुलगुरूंना वाटलं तर ते स्वतः निर्णय घेऊ शकतात आणि नंतर संबंधित मंडळाला लेखी कळवतात. १९९४च्या जुन्या कायद्यात हेच १४(७) होतं. त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २०१० मधलं: मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. इंग्रजीच्या अभ्यासक्रमातली रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी एका विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेतल्यावर या विशेषाधिकाराखाली काढून टाकली गेली. अभ्यास मंडळात चर्चा होऊन लागलेलं पुस्तक, जाताना मात्र तातडीच्या अधिकाराने गेलं. एका कादंबरीमुळे कसली आणीबाणी आली होती, हे मला अजून कळलेलं नाही.

पण सभा बसली म्हणजे निर्णय शहाणाच होतो असंही नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, दिल्ली विद्यापीठाच्या विद्वत परिषदेने (तिकडे विद्यापरिषदेला तसं म्हणतात) कवी आणि अभ्यासक ए. के. रामानुजन यांचा रामायणाच्या परंपरांवरचा निबंध इतिहासाच्या अभ्यासक्रमातून वगळला. चार तज्ज्ञांच्या समितीतले तिघे निबंध ठेवावा या मताचे होते. काही सदस्यांनी विरोध नोंदवला, बहुमताने निबंध गेला. त्याच परिषदेने डिसेंबर २०१२ मध्ये चार वर्षांची पदवी मंजूर केली, २०१३ला मुलांनी प्रवेश घेतले, आणि जून २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आदेशानंतर ती गुंडाळावी लागली. परिषदेच्या ठरावाचं वजन किती, हे त्या मुलांना विचारा.

आणि आता तर वरून येणाऱ्याचा भाग वाढलाय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा महाराष्ट्रात एप्रिल २०२३च्या शासन निर्णयाने ठरला. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक (क्रेडिट), चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६. मेजर किती, मायनर किती, कौशल्याचे आणि भारतीय ज्ञानप्रणालीचे श्रेयांक किती, हे सगळं त्यात आखलेलं. विद्यापरिषदेने तो स्वीकारला म्हणजे चौकट स्वीकारली. मंडळांनी फक्त खणांत विषय भरले. त्या वर्षीच्या आमच्या बैठकांत आम्ही अर्थशास्त्रावर कमी आणि बेरजेवर जास्त बोललो. हे धोरण वाईट म्हणून सांगत नाहीये. कुणाशी भांडायचं हे ठरवायचं असेल तर नियम कुठून आला ते आधी बघावं लागतं, म्हणून सांगतोय.

दुसरा बदल कमी दिसतो. जुन्या कायद्यात अधिष्ठाता विद्याशाखेतून निवडून यायचा. आता तो निवड समितीमार्फत नेमलेला पूर्णवेळ अधिकारी असतो. निवडणुकीत जे गटातटाचं राजकारण चालायचं ते गेलं, हे बरंच झालं. पण निवडून आलेला अधिष्ठाता सभेत कुलगुरूंना 'नाही' म्हणू शकायचा. नेमलेला माणूस ते क्वचित करतो.

आता तुमचं. पहिली गोष्ट, तुमचं महाविद्यालय स्वायत्त आहे का ते बघा. स्वायत्त असेल तर अभ्यास मंडळ आणि विद्यापरिषद महाविद्यालयाचीच असते, तिचे अध्यक्ष प्राचार्यच असतात, आणि 'आमच्या हातात काही नाही' हे वाक्य त्यांना शोभत नाही. अशा मंडळांवर एक माजी विद्यार्थीही असतो. तो कोण ते शोधा.

संलग्न असेल तर परिपत्रक नीट वाचा. कोणत्या बैठकीचा, कोणत्या विषय क्रमांकाचा ठराव, हे वरच्याच परिच्छेदात असतं. तिथे १२(७) दिसलं तर विषय अजून सभेपुढे यायचा आहे असं समजा. मग नियम 'कोणत्या शैक्षणिक वर्षापासून प्रवेशित विद्यार्थ्यांना' लागू आहे ते शोधा. अभ्यासक्रम सहसा टप्प्याटप्प्याने बदलतो, यंदा पहिलं वर्ष, पुढच्या वर्षी दुसरं. तुमच्या तुकडीने जुन्या नियमावर प्रवेश घेतला असेल आणि मधेच नवा लागला असेल, तर तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच. 'आमच्यावर अन्याय झाला' या वाक्यापेक्षा त्याला सभेत दहापट किंमत आहे.

बैठकीचं इतिवृत्त बऱ्याच विद्यापीठांच्या संकेतस्थळावर असतं. नसेल तर माहिती अधिकारात मागा, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात कुणी विरोध नोंदवला असेल तर त्या सदस्याला भेटा. निवडून आलेले शिक्षक सदस्य विद्यार्थ्यांना भेटतात, त्यांना पुढच्या बैठकीत विषय मांडायला काहीतरी हातात हवंच असतं. अधिसभेत पदवीधरांचे दहा निवडून आलेले सदस्य असतात. नियम बदलणं त्यांच्या हातात नाही, पण ते प्रश्न विचारून प्रशासनाला उत्तर द्यायला लावू शकतात.

अर्ज कुलसचिवांच्या नावे करा, प्रती अधिष्ठाता आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना. मागणी एकच ठेवा: हा नियम आमच्या तुकडीला लागू करू नये, विषय पुढच्या विद्यापरिषदेपुढे ठेवावा. पंचवीस मागण्यांचा अर्ज समितीकडे जातो आणि तिथेच राहतो. आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.